एल-थिअॅनिन घेताय? आधी डबीची मागची बाजू वाचा

एल-थिअॅनिन हे चहाच्या पानातलं अमिनो आम्ल. 1949-50च्या सुमारास जपानमध्ये ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहातून ते वेगळं केलं गेलं. ऊन लागलं की पानात त्याचं रूपांतर कॅटेचिन या तुरट द्रव्यांमध्ये होतं, म्हणून सावलीतला चहा चवीला गोडसर लागतो.

अभ्यासाला किंवा कामाला बसताना कॉफी घेतली की ज्यांना छातीत धडधडतं, हात थरथरतात, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. कॅफीनसोबत घेतल्यास लक्ष टिकायला मदत होते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. साधारण मात्रा 100 ते 200 मिलिग्रॅम, काम सुरू करण्याआधी अर्धा-पाऊण तास. कपभर चहातून एवढं मिळत नाही. पहिल्यांदा 100च घ्या, आणि तेही सुट्टीच्या दिवशी; परीक्षेच्या सकाळी नवा प्रयोग नको.

हे कॅप्सूलच्या डबीत मिळतं; डबीवर एफएसएसएआयचा (भारतातली अन्नसुरक्षा संस्था) 14 अंकी परवाना क्रमांक आणि एका कॅप्सूलमधलं थिअॅनिनचं नेमकं प्रमाण बघा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (म्हणजे कशाचं किती प्रमाण ते न सांगता दिलेलं मिश्रण) एवढंच लिहिलेलं असेल तर मी ती डबी परत ठेवते.

रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. आणि काळजीने आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर कॅप्सूलवर थांबू नका, कृपया डॉक्टरांना भेटा.