खानदेशच्या उन्हात दुर्मीळ पाम : ओळख, बी आणि लागवड

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बागेत दुर्मीळ पाम लावायचा तर आधी तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात: एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सुटणारा कोरडा वारा, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात चिबडणारी काळी माती, आणि बोअरचं क्षारांचं पाणी. जी जात हे तिन्ही सोसते ती इथे रुबाबात वाढते. जिला दमट हवाच लागते ती कितीही जपली तरी दुसरा उन्हाळा बघत नाही. लाल देठांचा लिपस्टिक पाम, म्हणजे सिर्टोस्टॅकिस रेंडा, फोटोत बघून घ्यावासा वाटतो. पण तो मलाया-बोर्निओकडच्या दलदलीच्या जंगलातला. मोठ्या गोल पानांची लिकुआला ग्रँडिसही तशीच, सावली आणि ओलावा मागणारी. या दोन्हींवर इथे पैसे घालू नयेत.

खानदेशासाठी खरी निवड कोरड्या, उन्हाळ मुलखातल्या जातींची. मादागास्करचा चंदेरी बिस्मार्किया नोबिलिस, तिथलाच त्रिकोणी पाम, मॉरिशस-रॉड्रिग्सच्या बेटांवरची लाटानिया, आणि आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा, गुजरात-दीवकडे रावणताड म्हणून ओळखला जाणारा फांद्या फुटणारा हायफिनी डायकोटोमा. पहिल्यांदाच लावत असाल तर बिस्मार्कियापासून सुरुवात करा. ऊन जितकं कडक तितकी त्याची चंदेरी झाक खुलते.

ओळख : पानापासून सुरुवात

पामची नावं बाजारात फार सैल वापरली जातात, म्हणून रोप घेण्याआधी ओळखण्याची सवय लावून घ्यावी. नाल्याकाठची शिंदी आणि घराजवळचा नारळ, एवढी दोन झाडं शिकायला पुरतात. शिंदीची एक पाती मधोमध आडवी कापून बघा: ती पन्हळीसारखी वर उघडी दुमडलेली असते, पावसाचं पाणी साठेल अशी. नारळाची पाती उलट, छपराच्या आढ्यासारखी, पाणी दोन्हीकडे घसरेल अशी. पिसासारखं पान, पन्हळीची घडी आणि देठाच्या बुडाशी पात्यांचे झालेले टणक काटे, या तीन खुणा एकत्र दिसल्या की ती फिनिक्सच, म्हणजे शिंदी-खजुराच्या कुळातली. पंख्यासारख्या पानांच्या बहुतेक जातींतही घडी पन्हळीचीच असते. पानाला पुन्हा उपपानं फुटून माशाच्या शेपटासारखे तुकडे दिसले तर तो कॅरिओटा. खोड एकटं असेल तर भेरली माड, झुबका असेल तर कॅरिओटा मायटिस.

शिंदी आणि खजूर यांत घोळ होतो. खजुराच्या बुडाशी पिलं फुटतात, पात्या जास्त ताठ आणि निळसर-करड्या असतात. शिंदी एकखोडी असते, आणि गळालेल्या पानांच्या खुणांनी तिच्या खोडावर चौकटीच्या आकाराची नक्षी उमटते. फिनिक्सच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात हे लक्षात ठेवा. बागेत दोन-तीन जाती शेजारी असतील तर तिथल्या बियांचं रोप शुद्ध निघेलच असं नाही.

सगळ्यात जास्त फसगत 'बॉटल पाम' या नावाची होते. आपल्याकडच्या बऱ्याच रोपवाटिकांत या नावाने रॉयस्टोनिया रेजिया, म्हणजे रॉयल पाम विकला जातो, कारण लहानपणी त्याचंही बूड फुगलेलं असतं. तो पुढे ५०-६० फूट जातो आणि बंगल्याच्या गॅलरीला भिडतो. खरा बॉटल पाम हायोफोर्बी लॅजेनिकॉलिस. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवर रानात त्याची मोजकीच झाडं उरली आहेत. त्याला एका वेळी चार ते आठच कमानदार पानं असतात, बूड बाटलीसारखं फुगीर आणि वर मान निमुळती. लहान रोपाच्या देठांवर नारिंगी-लालसर छटा असते. त्याचा रॉड्रिग्सचा भाऊ, स्पिंडल पाम, बुडाशी नव्हे तर खोडाच्या मध्यावर फुगतो. ही दोन्ही थंडीला नाजूक आहेत. डिसेंबर-जानेवारीत पारा ८ अंशांखाली जाणाऱ्या रात्री लहान रोपांवर गोणपाट टाकावं.

चंदेरी-निळसर पंख्याचं प्रत्येक रोप बिस्मार्किया नसतं. निळ्या लाटानियाच्या लहान रोपात देठ आणि पानाच्या कडा लालसर असतात. बिस्मार्कियाचा देठ जाड, पांढऱ्या मेणाचा थर आणि त्यावर गंजासारखे तपकिरी ठिपके असलेला. बी हाती असेल तर शंकाच नको: बिस्मार्कियाचं बी गोलसर, अक्रोडाची आठवण देणारं, तर लाटानियाच्या बियांवर उठावदार कोरीव नक्षी असते. लाटानियाच्या तिन्ही जाती त्या नक्षीवरूनच खात्रीने वेगळ्या करता येतात.

त्रिकोणी पाम वरून बघावा: पानं तीन रांगांत निघतात आणि देठांच्या बुडांचा स्पष्ट त्रिकोण होतो. रावणताडाच्या खोडाला दोन-दोन फांद्या फुटत जातात, पण त्याला वर्षं लागतात. तोवर देठाच्या कडेचे काळे, वर वळलेले काटे बघा. तालीपोट म्हणजे ज्याच्या बिया बजरबट्टू म्हणून लहान मुलांच्या गळ्यात बांधतात तो. तो आयुष्यात एकदाच, साधारण ३० ते ८० वर्षांनी फुलतो, फळं पिकली की वाळतो. पूर्ण वाढलेलं एकेक पान पाच मीटरपर्यंत रुंद होतं, म्हणून तो अंगणात नको, शेताच्या कोपऱ्यात, पाण्याजवळच्या खोल मातीत लावावा.

बी पेरणं

पामचं बी ताजं असेल तरच अर्थ आहे. गव्हा-हरभऱ्यासारखं ते वाळवून डब्यात ठेवता येत नाही; बहुतेक जातींची उगवणक्षमता थोड्या आठवड्यांत ते थोड्या महिन्यांत संपते. बी घेताना हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर गर आटला आहे, ते सोडून द्या.

फळाचा गर पूर्ण काढा, कारण त्याने बुरशी येते आणि उगवण अडते. भेरली माड आणि कॅरिओटाच्या इतर जातींच्या गरात सुईसारखे स्फटिक असतात, हाताला भयंकर खाज सुटते, म्हणून रबरी हातमोजे घालूनच काम करा. साफ बी २४ ते ४८ तास पाण्यात भिजवा, बिस्मार्कियासारखं टणक बी तीन ते पाच दिवस. पाणी रोज बदला.

कोकोपीट दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. मग मुठीत घट्ट दाबा: थेंब गळू नये, पण हाताला ओल लागली पाहिजे. ओल याहून जास्त झाली की बी कुजतं, आणि नवख्यांची निम्मी बियाणी इथेच जातात. बी आणि कोकोपीट झिपच्या पिशवीत भरा, तारीख आणि जात लिहा.

उबेसाठी ३० ते ३५ अंश हवेत. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पिशव्या भरल्या की आपल्याकडे हीटरची गरजच पडत नाही. मात्र त्या पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात ठेवू नका. पिशवीच्या आत ४० अंशांच्या वर गेलं की गर्भ मरतो. धाब्याच्या घरातली, नाहीतर स्लॅबच्या खालच्या मजल्यावरची सावलीची खोली उत्तम. त्रिकोणी पाम साधारण एक-दोन महिन्यांत उगवतो, बिस्मार्किया दोन ते चार महिन्यांत, आणि तोही एकसाथ नाही. सहा महिने झाले तरी टणक असलेलं बी फेकू नका.

बिस्मार्किया, ताड, रावणताड यांची उगवण वेगळी असते. बियातून आधी एक जाड पांढरा कोंब निघतो, खाली किंवा आडवा लांब जातो, आणि त्याच्या टोकापासून मूळ खाली व पान वर येतं. म्हणजे रोप बियापासून दूर उगवतं. कोंब तीन-चार सेंटिमीटर झाला की लगेच कुंडीत हलवा. टोक मोडलं तर ते बी संपलं. उथळ कुंडीत हा कोंब तळाला आदळून गुंडाळतो आणि पुढे झाड कधीच नीट उभं राहत नाही. त्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड फुटी तुकडे करा, उभे दोन फाके चिरा आणि तारेने बांधा. तळाला शेडनेटचा तुकडा लावला की झालं. लागवडीच्या वेळी तार सोडली की फाके उघडतात आणि मुळांना धक्काही लागत नाही. भरण्यासाठी दोन भाग जाडी रेती किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत.

लेबल अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने कोरा. मार्करची शाई आपल्या उन्हात एका मोसमात उडते, आणि नाव हरवलेलं रोप ओळखायला पुढे बरीच वर्षं वाट बघावी लागते.

जमिनीत लावणं

लागवड आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात, जमिनीला वाफसा असताना. श्रावणातला कानबाईचा रविवार येईपर्यंत काम उरकलेलं बरं, म्हणजे माती गरम असतानाच मुळं पसरतात. थंडीत लावलेलं रोप नुसतं बसून राहतं.

भारी काळ्या जमिनीत खड्डा खोदून त्यात नुसती भुसभुशीत माती भरली तर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. चहूबाजूची चिकण माती पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्यापेक्षा सहा ते आठ फूट रुंद, एक ते दीड फूट उंच गादी करा: निम्मी तिथलीच माती, उरलेला मुरूम आणि जाडी रेती, वर दोन घमेली शेणखत. रोप गादीच्या मध्यावर, पाइपात होतं त्याच पातळीला लावा. खोल लावलं तर बुडाला हवा मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि दोन वर्षांत झाड खंगतं. गादीवर केळीचा वाळलेला पाला किंवा ज्वारीचा कडबा चार इंच पसरा, पण खोडाला टेकवू नका. हा थर उन्हाळ्यातल्या भेगा रोखतो. भेग पडली की आतली मुळं ताणून तुटतात. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट उभी करा. बिस्मार्कियाला ती फक्त पहिल्याच वर्षी पुरे.

ठिबकाचे ताशी आठ लिटरचे दोन ड्रिपर खोडापासून एक फुटावर ठेवा. उन्हाळ्यात एक दिवसाआड दोन तास, पावसाळ्यात बंद, थंडीत आठवड्यातून एकदा. वर्षातून एक-दोनदा मोठ्या पावसाचं किंवा पाटाचं गोडं पाणी सोडून साचलेले क्षार खाली धुऊन टाका.

खत आणि पिवळी पानं

केळीला टाकून उरलेला युरिया पामच्या बुडाशी ओतणं ही इथली नेहमीची चूक. नत्र वाढलं आणि पालाश नसलं की झाड जुन्या पानांतलं पालाश ओढून घेतं. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी अर्धपारदर्शक ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर कमतरता पालाशची. अशी पानं कापू नका: कापली की झाड त्याच्या वरच्या पानांतून पालाश ओढायला लागतं. जुन्याच पानांच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मधे हिरवं असेल तर मॅग्नेशियम कमी. चार-पाच फुटी झाडाला दर तीन महिन्यांनी १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि ५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट गादीभर विखरून द्या. क्षारांच्या पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश टाळलेलं बरं, त्यातलं क्लोराइड भर घालतं.

नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. चुनखडीच्या मातीत साधं ईडीटीए चिलेट स्वरूपातलं लोह लगेच निकामी होतं, दुकानात ईडीडीएचए प्रकारचंच मागा. नवं पान आखूड, करपल्यासारखं कुरळं आलं तर मँगनीज कमी; नवं पान उघडतच नाही, टोक आकड्यासारखं वळतं, तर बोरॉन.

भुंगे

पामला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं, आणि खोडावरची जखम कधी भरून येत नाही. पानं फक्त पूर्ण वाळल्यावर, देठाचा तुकडा ठेवून कापा. उघडलेल्या पानावर चौकटी किंवा त्रिकोणी काप दिसले तर गेंडा भुंगा आलाय. तो उकिरड्यात वाढतो, म्हणून शेणाचा खड्डा बागेपासून लांब ठेवा आणि त्यात भुंग्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. वरच्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू घाला, दर ४५ दिवसांनी बदला. गेंडा भुंग्याच्या भोकांतून आणि कापलेल्या हिरव्या देठांतून सोंड्या भुंगा शिरतो. खोडातून तपकिरी चिकट पाणी झिरपायला लागलं, कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज आला, तर फार उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात मधला कोंब ओढल्यावर सहज हातात आला आणि वास येत असेल तर शेंडा कुजतोय. सडलेला भाग स्वच्छ खरवडून काढा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात शेंड्यात ओता आणि वरून पाऊस पडू नये म्हणून प्लॅस्टिक बांधा. आत हिरवा गाभा शिल्लक असेल तर दोन-तीन महिन्यांत वेडंवाकडं का होईना, नवं पान वर येतं.