सोलरमध्ये नोकरी हवी? आधी गच्चीवर चढा

सोलर प्रकल्पांसाठी मी नव्या इंजिनिअर पोरांच्या मुलाखती घेतो. पी-एन जंक्शन (सोलर सेलचा पुस्तकी पाया) सगळ्यांना तोंडपाठ. पॅनेलची डेटाशीट (कंपनीने दिलेला आकड्यांचा कागद) पुढे सरकवली की गाडी अडते. म्हणून इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षापासूनच तयारीला लागा.

आधी स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं, गणित हाताने करा. समजा, पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचं) ४९.५ आहे, २० पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे ९९० व्होल्ट. जास्तीत जास्त १००० व्होल्ट सोसणाऱ्या इन्व्हर्टरला चालेल? २५ अंशांना चालेल, डेटाशीटमधला आकडा त्याच तापमानाचा असतो. पण धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा ५ वर आला आणि थंडीत व्होल्टेज वाढतं म्हणून उतरणाऱ्या दर अंशाला ०.२७ टक्के वाढ धरली, तर तोच आकडा १०४३ होतो. एक पॅनेल कमी करायचं! हे न सांगता ज्याला सुचतं, त्याला मी पुढे फारसं विचारत नाही.

ऑटोकॅड (ड्रॉइंगसाठी), पीव्हीसिस्ट (किती वीज तयार होईल याचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर) जुजबी आलं तरी पुरे. फायनल इयरचा प्रोजेक्ट मात्र विकत आणू नका, आम्हाला लगेच कळतं. कॉलेजच्याच गच्चीचा सर्व्हे करा: डिसेंबरात टाकीची सावली कुठवर येते, अर्थिंग कुठे आहे, बिल किती युनिटचं येतं. सुट्टीत गावातल्या इन्स्टॉलरकडे राबा. पॅनेलच्या वायरी जोडणारा एमसी-४ कनेक्टर नीट क्रिंप करणं, म्हणजे दाबून पक्का बसवणं (सैल राहिला तर तापून जळतो), मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावणं, महावितरणचा नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करण्याचा) अर्ज भरणं तिथेच शिकाल.