शहरातील उपद्रवी पक्ष्यांना हटवण्यासाठी प्रशिक्षित शिकारी पक्षी कसा उडवावा

इमारतींच्या छपरांवर ठाण मांडलेले पारवे, कुरव किंवा कावळे हटवताना शिकारी पक्ष्याचे काम त्यांना मारणे हे नसून, ही जागा धोक्याची आहे असे त्यांना रोज जाणवून देणे हे असते. अन्न मात्र आधी बंद व्हायला हवे. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात १९८८ पासून पारव्यांना खाऊ न घालण्याविषयी लोकजागृती केली गेली आणि काही वर्षांत त्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. उघडा कचरा आणि दाणे टाकणारे हात तसेच राहिले, तर कितीही चांगला शिकारी पक्षी आणला तरी थवा परत येतो.

इमारतींच्या दाटीत बहुधा अमेरिका खंडातील हॅरिस हॉक उपयोगी पडतो, कारण निसर्गात गटाने शिकार करणारा हा पक्षी माणसाच्या सहवासाला लवकर रुळतो आणि एका कठड्यावरून दुसऱ्यावर अशा छोट्या झेपा घेतो. उंचावरून सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्याला विमानतळासारखे मोकळे मैदानच हवे.

सर्वांत जास्त लक्ष शिकारी पक्ष्याच्या वजनाकडे द्यावे. ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पक्षी रोज तोलावा, कारण पोट भरलेला पक्षी हाक न ऐकता तासन्‌तास छपरावर बसून राहतो, तर वजन फार उतरलेला पक्षी अशक्त होतो. त्याला उपाशी ठेवून कामाला लावणे हे कौशल्य नव्हे, क्रौर्य आहे. पायाला घुंगरू आणि अंगावर माग काढणारे रेडिओ यंत्र बांधल्याशिवाय त्याला सोडू नये. जागेवरील विजेच्या तारा आणि मोठ्या काचा आदल्या दिवशीच फिरून पाहाव्यात.

उपद्रवी पक्षी घरटी बांधू लागण्यापूर्वीच सुरुवात करावी. एकदा अंडी घातली की ते सहजासहजी हलत नाहीत आणि अनेक देशांत अशा घरट्यांना कायद्याचे संरक्षणही असते. शिकारी पक्षी पाळण्याचा व उडवण्याचा परवानाही आधीच घ्यावा. थवा रात्रीच्या वस्तीला येत असेल, तर सूर्यास्तापूर्वी तो टेकण्याच्या वेळी शिकारी पक्षी उडवावा. इतर फेऱ्यांची वेळ आणि दिशा बदलत ठेवावी, कारण ठरावीक वेळ पारव्यांच्या लवकर ध्यानात येते. पहिले काही आठवडे रोज यावे लागते, पुढे फेऱ्या हळूहळू कमी करता येतात. कावळे किंवा कुरव एकवटून शिकारी पक्ष्यावर तुटून पडले, तर त्याला त्वरित हातावर बोलवावे.

चुकून पारवा पकडला गेलाच, तर तो शिकारी पक्ष्याला खाऊ देऊ नये. पारव्यांच्या घशात राहणारा ट्रायकोमोनास हा परजीवी ताज्या मांसातून शिकारी पक्ष्याला जडतो आणि त्याच्या तोंडात व घशात गाठी होऊन त्याला गिळणे अशक्य होते. त्याच्या तावडीतला पारवा अलगद सोडवून घ्यावा आणि त्या बदल्यात सोबत आणलेला मांसाचा तुकडा हातमोज्यावर द्यावा.