पर्पल शाम्पू: नजर केसांच्या टोकांवर ठेवा

केस रंगवणं हे माझं रोजचं काम. ब्लॉन्ड करून गेलेल्यांची पुढची तक्रार ठरलेली असते, "केस पिवळे पडले!" ब्लीचने काळं-तपकिरी रंगद्रव्य उडतं, पण लालसर-पिवळं चिवट असतं. त्यावर चढवलेला टोनर, म्हणजे पिवळेपणा झाकणारा हलका रंग, धुण्यागणिक उतरतो आणि खालचा पिवळेपणा उघडा पडतो. रंगचक्रात पिवळ्याच्या समोर जांभळा येतो, म्हणून जांभळा शाम्पू पिवळेपणा मारतो. केस नारिंगी झाले असतील तर मात्र निळा शाम्पू घ्या. आणि मुळाशी आलेले काळे केस यातल्या कशानेच उजळत नाहीत.

हा शाम्पू केसांवर रंग सोडतो, हे मनात पक्कं ठेवा. म्हणून आधी हातमोजे घाला. केस ओले करून टॉवेलने टिपून घ्या. कोरड्या केसांवर कधीच लावू नका, ठिपके उमटतात. जिथे सगळ्यात जास्त पिवळं दिसतंय तिथून सुरुवात करा, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळीकडे पसरवा. टोकं अगदी शेवटी! वारंवार ब्लीच झालेली टोकं सच्छिद्र असतात, रंग पटकन पितात. मधले केस अजून पिवळेच असतात आणि टोकं जांभळट-करडी होऊन बसतात. फारच कोरडी टोकं असतील तर मी त्यांना आधी थोडं कंडिशनर लावते.

पहिल्या वेळी 2-3 मिनिटं पुरे. बाटलीवर जास्त वेळ लिहिला असला तरी पहिल्यांदाच तेवढा ठेवू नका. ओले केस गडद दिसतात, त्यामुळे फेसाकडे बघून काही कळत नाही. एक बारीक बट धुवा, टॉवेलने नीट कोरडी करा आणि उजेडात धरा. अजून पिवळी वाटली तर आणखी एखादं मिनिट ठेवा. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन भरपूर कंडिशनर लावा.

आठवड्यातून एकदा बास. एरवी सल्फेट नसलेला साधा शाम्पू वापरा. रोज जांभळा लावला की केस निस्तेज, मळकट दिसायला लागतात. तसं झालंच तर घाबरू नका, क्लॅरिफाइंग शाम्पूने (केसांवर साचलेलं खोलवर साफ करणारा शाम्पू) दोन-तीनदा धुतले की जादा रंग बराचसा उतरतो. त्यानंतर केसांना ओलावा देणारा हेअर मास्क लावायला विसरू नका, त्या शाम्पूने केस फार कोरडे पडतात.