व्हर्च्युअल लिनक्समध्ये नेट लागत नाही? या चुका टाळा

"दादा, विंडोजवर यूट्यूब मस्त चालून राहिलं, पण उबुंटूत नेटच नाही." नागपूरच्या नंदनवनकडच्या होस्टेलांतली मुलं हे नेहमी सांगतात, आणि पाठोपाठ, "म्हणून मी पुन्हा इन्स्टॉल करून टाकलं." हीच सगळ्यात मोठी चूक. अख्खी दुपार जाते आणि बिघाड तिथंच राहतो. आधी नेट नेमकं कुठं अडलंय ते शोधा.

विंडोजच्या आत उबुंटूसारखा लिनक्स चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन 'नॅट'वर असतं, म्हणजे लिनक्स विंडोजच्याच नेटमधून बाहेर जातो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, पाहा. १०.०.२.१५ दिसला तर इथवर सगळं ठीक. पत्ताच नसेल तर नेटवर्क सेटिंगमधली 'केबल कनेक्टेड'ची खूण गेलीय का बघा. मग गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. उत्तर येतं पण नावानं साइट उघडत नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) बिघडलाय. विंडोजवर व्हीपीएन सुरू असेल तर आधी तो बंद करून पाहा.

व्हिडिओत पाहिलं म्हणून लगेच 'ब्रिज्ड' लावू नका. त्यात लिनक्स थेट राउटरकडून स्वतंत्र पत्ता मागतो. घरी ते चालतं; होस्टेलच्या वाय-फायला लॉगिन लागत असेल किंवा ठरावीक उपकरणांनाच परवानगी असेल, तर तिथं अडतं. अशा ठिकाणी नॅटच बरं. शिवाय मे महिन्यात लाइट गेली, राउटर बंद पडला आणि तुम्ही लॅन केबल सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात, तरी ब्रिज जुन्याच कार्डाला बांधलेला राहू शकतो. सेटिंगमधून चालू असलेलं वाय-फाय कार्ड निवडा.

नॅटवर असताना विंडोजमधून थेट १०.०.२.१५ ला एसएसएच (दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलमध्ये दुरून लॉगिन) करू पाहणं व्यर्थ आहे. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा (विंडोजचा) २२२२ पोर्ट गेस्टच्या (लिनक्सच्या) २२ ला जोडा आणि विंडोजमधून १२७.०.०.१ वर (तो स्वतःचाच पत्ता) २२२२ पोर्टनं शिरा. लिनक्समध्ये एसएसएच सर्व्हर टाकलेला हवा, हे बरेच जण विसरतात.

लिनक्सकडून विंडोजला पिंग जात नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करणं तर मुळीच नको, विशेषतः होस्टेलच्या सामायिक नेटवर. पिंगपुरता इनबाउंड नियम सुरू केला की भागतं.

आणि मित्राच्या मशीनची कॉपी घेतली असेल, दोघंही एकाच राउटरवर ब्रिज्ड असाल, तर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) नवीन करून घ्या. नाहीतर दोघांचंही नेट आळीपाळीनं तुटत राहतं.