जाळ वाढला की पाणी आटले? यिन-यांग ओळखायची रीत

यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची, हा या चिनी शब्दांचा मूळ अर्थ. गावांच्या नावांत तो अजून जिवंत आहे. नदीच्या उत्तर काठावर ऊन जास्त, म्हणून लुओ नदीच्या उत्तरेचे गाव लुओयांग. ह्वा पर्वताच्या उत्तर अंगाला सावली, म्हणून तिथले गाव ह्वायिन. डोंगर एकच, बाजू बदलली की नाव बदलते. तेव्हा कशालाही यिन किंवा यांग म्हणण्याआधी ‘कशाच्या मानाने?’ हे विचारायचे. छाती पाठीच्या मानाने यिन, तीच पोटाच्या मानाने यांग. ‘बाई यिन, पुरुष यांग’ असा तक्ता पाठ केला की पुढचे सगळे चुकत जाते.

शरीरात ऊब आणि हालचाल हे यांगचे काम, गारवा आणि ओलावा यिनचे. दोन्हींपैकी कोणतेही वाढू शकते किंवा कमी पडू शकते, म्हणून चिनी वैद्यापुढे चार शक्यता असतात. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक उष्णतेत होते. पातेले तापते ते दोन कारणांनी: खालचा जाळ वाढला म्हणून, किंवा आतले पाणी आटले म्हणून. आपल्याकडे दोन्हींना ‘उष्णता झाली’ म्हणतात. चिनी वैद्यकात मात्र त्यांचे उपचार वेगळे.

जाळ वाढलेला (यांग जास्त) माणूस गार पाणी घटाघट पितो, चेहरा पूर्ण लाल, पोट साफ होत नाही, आवाज मोठा. पाणी आटलेल्याला (यिन कमी) घसा कोरडा पडतो, पण तो घोट-घोटच पितो. फक्त गालांची हाडे लालसर दिसतात. तळहात, तळपाय आणि छाती दुपारनंतर तापतात, आणि झोपेत घाम येऊन जाग आली की थांबतो.

खात्री जिभेवर करायची. सकाळी, दिवसाच्या उजेडात, चहाआधी आणि मुख्य म्हणजे जीभ घासण्याआधी. रोज जीभ खरवडणाऱ्यांचा थर निघून गेलेला असतो, मग यिन कमी नसतानाही तसे वाटते. जीभ सैल सोडायची आणि काही सेकंदांत आत घ्यायची. ताणून धरली की रंग बदलतो. लाल जीभ आणि जाड पिवळा थर म्हणजे जाळ. लाल, पण थर जवळजवळ नाही, चिरा पडलेल्या: पाणी आटले. फिकट, सुजरी आणि कडेला दातांचे ठसे असलेली जीभ यांग कमी असल्याचे सांगते. फिकट जिभेवर जाड, पांढरा, ओला थर असेल तर गारवा साचला आहे (यिन जास्त).

नाडीला घड्याळ लागत नाही. अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळ जो उंचवटा लागतो, त्याच्या आतल्या अंगाला मधले बोट, तर्जनी तळहाताकडे, अनामिका कोपराकडे. मोजायचे ते वैद्याने स्वतःच्या श्वासाने. हे माप ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथातले आहे: श्वास घेताना 2 ठोके, सोडताना 2, मधल्या विसाव्यात कधी आणखी 1. एका श्वासात 3 किंवा कमी तर गारवा, 6 किंवा जास्त तर उष्णता. वैद्य जिना चढून आला असेल तर मापच बिघडते, म्हणून आधी त्याने शांत बसायचे. नाडी जलद आणि भरदार असेल तर जाळ; जलद पण दोऱ्यासारखी बारीक असेल तर पाणी आटलेले.

हा फरक का महत्त्वाचा? जाळाला कडू, थंड औषध चालते. पाणी आटलेल्याला तेच दिले तर पचन मंदावते आणि कोरडेपणा वाढतो. त्याला ओलावा भरून द्यायचा. चीनच्या सोंग राजवटीतील बालवैद्य छ्यान यी यांनी त्यासाठी त्याआधीच्या हान राजवटीतल्या 8 घटकांच्या औषधातून दालचिनी आणि फूझी नावाची मुळी हे दोन उष्ण घटक काढले. उरलेल्या सहांचे प्रमाण 8:4:4:3:3:3. पहिली तीन भर घालतात, शेवटची तीन साचलेले बाहेर काढतात. मुख्य घटक, शिजवून काळी केलेली रेहमानियाची मुळी, पचायला जड असते. भूक मंद असलेल्याला तिने पोट फुगते, जुलाब होतात.

वगळलेली फूझी बचनागाच्याच कुळातली, विषारी. ती आधी शुद्ध करून मग दीर्घकाळ उकळावी लागते. घरी प्रयोग नको.

आणि रात्रीचा घाम, दुपारनंतरचा बारीक ताप, उतरणारे वजन हे चित्र यिन कमी असल्याचे, तसेच क्षयाचेही. सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर जीभ पाहत बसू नका, आधी थुंकी तपासून घ्या.