निवृत्तीनंतर मिडिएशन करायचं की आर्बिट्रेशन?

निवृत्ती जवळ आली की चिकोडी, हुक्केरीकडचे न्यायाधीश सहकारी विचारतात, "मॅडम, पुढं आर्बिट्रेशन, मिडिएशन करावं म्हणतोय." मिडिएशन म्हणजे मध्यस्थ होऊन पक्षांत तडजोड घडवणं, आर्बिट्रेशन म्हणजे लवाद होऊन निकाल देणं. आधी दोन्हींतलं एक निवडा. निकाल लिहायची आपली सवय आर्बिट्रेशनमध्ये कामाला येते, मिडिएशनमध्ये तीच आडवी येते.

मिडिएशनसाठी 40 तासांचं प्रशिक्षण असतं, ते घ्याच. जन्मभर कोर्टात बसलोय, आता काय शिकायचं, असं वाटेल. शिकायचं असतं ते गप्प बसायला. खानापूरकडची वाटणी घ्या. उताऱ्यावर नाव थोरल्याचं, शेत कसतो धाकटा, आणि बहिणीनं हिस्सा मागितलेला. मुलीला मुलाइतका हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आपल्या जिभेवर तयारच असते. ती बोलून दाखवलीत की धाकटा वकिलाकडं बघतो आणि बैठक तिथंच संपते. कायदा सांगायला वकील आहेत. तुम्ही बहिणीला बाजूला बसवून विचारा, "अक्का, जमीनच पाहिजे, की पैसे चालतील? माहेरचं येणंजाणं राहावं असं वाटतंय का?" ती जे बोलेल ते तिच्या परवानगीशिवाय भावांच्या कानावर जाता कामा नये.

तडजोड जमली तर तिचा कागद ढिला ठेवू नका. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची कुठल्या वारी, मोजणीचा खर्च कोण देणार, सगळं लिहा. कागद कन्नडमध्ये असेल तर सहीआधी मराठीत वाचून दाखवा. मान डोलावली म्हणजे कळलं असं धरू नका.

आर्बिट्रेशनमध्ये पहिलं काम आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 12 च्या खुलाशाचं, म्हणजे पक्षांशी किंवा वकिलांशी आपला काही संबंध असेल तर तो लेखी सांगण्याचं. बेळगावसारख्या गावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीवाला कधीतरी तुमच्यापुढं उभा राहिलेला असतो, नाहीतर त्याचा वकील तुमच्या भाच्याचा पार्टनर निघतो. क्षुल्लक वाटलं तरी लिहून द्या. पुराव्याच्या कायद्याची सक्ती इथं नाही, म्हणून प्रत्येक कागदावर हरकती ऐकत बसू नका. देशांतर्गत प्रकरणात दावा-कैफियत पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निकाल, द्यायचा असतो, दोन्ही पक्ष राजी असले तर आणखी 6. कोर्टातल्यासारख्या तारखा दिल्यात तर ही मुदत हां हां म्हणता सरते. फी पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा. त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत 5 लाखांपर्यंतच्या वादाला 45,000 रुपये धरलेत, तो अंदाज हाताशी असू द्या. फीबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटते, पण नंतर बोलणं त्याहून अवघड.

आणि ज्या वादात मिडिएटर होतात, त्यातच पुढं आर्बिट्रेटर व्हायला कुणी गळ घातली तर सरळ नाही म्हणा. बहिणीनं बाजूला बसून सांगितलेलं तुम्हाला माहीत असतं.